भोंग्यावर घेतलेलं नाव

'ऐका हो ऐका' असं मी सहा वर्षांत एकदाही म्हटलं नाही. ज्याला ऐक म्हणून सांगावं लागतं तो ऐकत नाही, हे मी मासळी बाजारातच शिकले होते. तिथे 'घ्या ताजी मासळी' म्हणून ओरडणारीची टोपली दुपारपर्यंत तशीच राहते, आणि 'काय वहिनी, परवा पाहुणे आले होते ना, मग आज काय?' असं विचारणारीची रिकामी होते. डहाणूच्या बाजारात मी पंधरा वर्षं बोंबील आणि पापलेट विकले. त्याच आवाजावर पुढे दुसरा धंदा उभा राहिला.

२०१४ साली नवऱ्याने रिक्षा घेतली. त्याच सुमाराला जाहिरातीची रिक्षा फिरवणारे एक काका घशाच्या दुखण्याने घरी बसले. त्यांचा भोंगा, ॲम्प्लिफायर आणि माइक आम्ही घेतला, आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत, वर झाईपर्यंत आणि आत रानशेत-गंजाडपर्यंत फिरायला लागलो. आठवडाभरात कुठे ऑर्केस्ट्रा आहे, कुठे नाटक, कुठे भजनाची बारी, कुठे गरबा, ते सगळं गावोगाव सांगायचं. नवरा पुढे चालवायचा, मी मागे बसून बोलायचे. लोक मला भोंगेवाली म्हणायला लागले. बोंबीलवालीची भोंगेवाली झाली, फक्त बर्फाचा खर्च वाचला, असं नवरा सगळ्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

लोकांना वाटतं, माइक हातात धरला की झालं. तसं नसतं. आधी पोलीस स्टेशनची परवानगी, तो कागद समोरच्या काचेला चिकटवलेला पाहिजे. शाळा आणि दवाखाना आला की आवाज बंद. चालत्या रिक्षातून बोललेलं कोणाला कळत नाही, पहिल्या घराला 'आज' ऐकू येतं आणि शेवटच्या घराला 'यावे'. म्हणून नाक्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि मग बोलायचं. किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, तेव्हा रिक्षा गावाच्या पश्चिमेला उभी करायची, म्हणजे वारा आपलं काम करतो. झाईला होड्या लागत असताना तोंड उघडायचं नाही, त्या वेळी देव आला तरी कोणी वळून बघणार नाही. बायका मासळी निवडायला बसल्या की मग बोलायचं, कारण तेव्हा हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. तलासरीच्या बाजूला मराठीत बोलून झालं की तेच गुजरातीत. पाड्यांवर लांबण लावायची नाही. काय आहे, कुठे आहे, कोणत्या वारी आहे आणि कोण येणार आहे, एवढ्या चार गोष्टी सांगायच्या आणि पुढे निघायचं.

वाराचं नाव घ्यायचं, 'उद्या' म्हणायचं नाही, हे मात्र मी फजिती करून घेऊन शिकले. एकदा घसा बसला म्हणून मी घरीच रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर घेतलं. कार्यक्रम रविवारी होता. शनिवारच्या फेरीसाठी म्हणून मी 'उद्या संध्याकाळी भव्य ऑर्केस्ट्रा' असं बोलले, आणि नवऱ्याने ते गुरुवारपासूनच लावलं. शुक्रवारी संध्याकाळी झाईच्या मैदानात बायका केसात गजरे माळून, चटया टाकून बसल्या होत्या. शनिवारी परत बसल्या. आम्ही तिथून जाताना एका म्हातारीने रिक्षा अडवली आणि म्हणाली, "गो बाय, तुजा उद्या कवा येते? का माज्या तेराव्याला?" मी रिक्षातून उतरून तिच्या पाया पडले. रविवारी ती पहिल्या रांगेत होती आणि ऑर्केस्ट्रा बेसूर होता, ते दोन्ही मी पाहिलं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एका भजनाच्या कार्यक्रमाला दोन बुवा होते, आणि आपलं नाव आधी घेतलं पाहिजे म्हणून दोघांनीही वेगवेगळा निरोप पाठवला. मी डहाणूत एकाचं आधी घेतलं आणि तलासरीत दुसऱ्याचं. दोघेही खूश. एका गायन स्पर्धेच्या आयोजकाला स्वतःचं नाव प्रत्येक नाक्यावर चार वेळा हवं होतं. मी म्हटलं, "भाऊ, चार वेळा नाव घेतलं की लोकांना वाटतं माणूस हरवला आहे." त्याने दोनवर तडजोड केली.

पण नावाशिवाय गर्दी येत नाही, हेही तितकंच खरं. 'नाटक आहे' म्हटलं तर कोणी मान वर करत नाही. अमक्या आळीतली अमकी काम करते आहे म्हटलं की अख्खी आळी येते. म्हणून मी आयोजकांकडून नावं काढून घ्यायचे, ती नीट म्हणायचे, आडनाव चुकू द्यायचे नाही. माझ्या तोंडून नाव गेलं की तो माणूस येणारच, असा माझा लौकिक झाला होता. त्याचा मला अभिमान होता. आता जे लिहिणार आहे ते त्या अभिमानाचंच आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते आहे. संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती इथे संपल्या.

गंजाडच्या पुढे आत एक पाडा आहे. तिथे नवशाबाबा राहायचे. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते भातकापणीच्या दिवसांत. एका नाटकाची जाहिरात करत आम्ही त्या बाजूला गेलो होतो. पाड्याजवळ आलो आणि तारपा ऐकू आला. मी माइक हातात घेतलेला तसाच खाली ठेवला. तारपा माहीत नसलेल्यांसाठी सांगते. वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मध्ये उभा राहून फुंकत फिरतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती गोल नाचतात. श्वास तुटू द्यायचा नसतो. नवशाबाबांचं वय साठीच्या पुढे असेल, पण अर्धा तास मी उभी होते तोवर तो आवाज एकदाही तुटला नाही.

थांबल्यावर ते स्वतःच रिक्षाजवळ आले. भोंग्याला हात लावून बघितला आणि विचारलं, "बाय, तुझा भोंगा बाराय महिने बोलतं?"

"बोलतो की, बाबा. पावसात ताडपत्री घालून बोलतो."

"मंग त्याची कोनाला नवाई नाय," असं म्हणून ते खूप हसले.

मग त्यांनीच सांगितलं. नवा भात आला, देवाला दिला, की तारपा काढायचा. कापणी संपली, दिवाळी झाली की त्याच्या तोंडात चिंधी कोंबून घराच्या आढ्याला टांगायचा. परत भात पिकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी विचारलं, मध्ये फुंकला तर काय होतं? ते म्हणाले, "भात आयकतं त्याला. शेत रिकामा आसतां फुंकून कोनाला आयकवायचा?"

बाकीकडे आता तारपा कधीही वाजतो, मिरवणुकीत वाजतो, हॉटेलात वाजतो. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण नवशाबाबांचा हा नेम होता, आणि त्यांच्यामुळे त्या पाड्याचाही होता. देवापुढे पहिला तारपा फुंकायचा मान त्यांचा होता. त्यांचा पुतण्या दिनेश उन्हाळ्यात एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांपुढे तारपा वाजवून आला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातला तारपा काढून घेतला आणि सगळ्यांसमोर त्याचा भोपळा फोडला. हे मला त्याच दिवशी त्यांच्या सुनेने, रमीने, चहा देताना सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. मला माहीत नव्हतं अशी सबब माझ्याजवळ नाही.

पुढच्या वैशाखात एका मंडळाने किनाऱ्यावर तीन संध्याकाळी कार्यक्रम ठेवले. ऑर्केस्ट्रा, गरबा, चित्रांची स्पर्धा, आणि शेवटच्या दिवशी तारपा नृत्य. मंडळाच्या सेक्रेटरींचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे मोजता मोजता त्यांनी मला कार्यक्रमाचा कागद दिला. सगळ्यांची नावं होती, तारप्यापुढे मात्र रिकामी जागा होती.

"वाजवणारा कोण?" मी विचारलं.

"मिळेल कोणीतरी, मावशी. मुंबईचे गेस्ट येणार आहेत, त्यांना तारपा पाहिजे. नावाचं काय एवढं? तारपा म्हणजे तारपा."

"नाव नसेल तर गावचं माणूस यायचं नाही. तिकडून कोणी आलं नाही तर तुमचे गेस्ट रिकामी वाळू बघतील."

"मग टाका ना तुमच्या ओळखीतलं. तुमच्या तोंडचं नाव म्हणजे पक्कंच असतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि मी तिथेच विरघळले. काउंटरवरचं पेन घेतलं आणि रिकाम्या जागेत नवशाबाबांचं नाव लिहिलं. मला दुसरं नाव सुचलंच नाही, कारण त्यांच्यासारखा वाजवणारा मी दुसरा ऐकला नव्हता. कौतुक होतं म्हणूनच लिहिलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले.

रिक्षात बसल्यावर नवऱ्याने कागद वाचला. "त्यांना विचारलंस?"

"गुरुवारी त्या बाजूला जायचंच आहे. तेव्हा विचारते."

"आणि सोमवार ते बुधवार?"

"तोपर्यंत सांगून होईल," मी म्हटलं. माझ्या कामात तो बोलत नसे आणि त्याच्या गाडीत मी बोलत नसे, असा आमचा संसार होता.

सोमवारी डहाणू, मंगळवारी तलासरी आणि झाई, बुधवारी रानशेत आणि आठवडे बाजार. 'येणार, येणार, गंजाडकडचे नवशाबाबा येणार, ज्यांचा श्वास तुटत नाही ते नवशाबाबा, रविवारी किनाऱ्यावर येणार.' मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी प्रत्येक नाक्यावर एकदा जास्तच म्हटलं. रानशेतला एक बाई डोक्यावरची मोळी खाली ठेवून म्हणाली, "नवशा? आता? ह्या दिवसांत?" मी माइक बंद न करताच हो म्हणून मान हलवली.

पाड्यांवर छापलेल्या कागदाला किंमत नसते. भोंग्यावरून नाव गेलं म्हणजे त्या माणसाने शब्द दिला, असंच सगळे समजतात. ही समजूत माझ्याच धंद्याने घट्ट केली होती आणि त्याच समजुतीवर मी पोट भरत होते.

गुरुवारी पाड्यावर पोहोचलो तेव्हा अंगणात सात-आठ माणसं बसली होती. कोणी उठलं नाही. रमीने चहा विचारला नाही. नवशाबाबा खाटेवर होते, आणि दिनेश समोर उकिडवा बसून हसत होता.

"काका, माझा फोडलास," तो म्हणत होता, "आन आता तू चाललास दर्यावर? माझा तरी रिसॉर्टातच होता, तुझा तं गावोगाव वाजला."

"मी कोनाला हां बोललो नाय," नवशाबाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, तू बोललीस?"

"हो, बाबा."

"मना इचारलंस?"

"नाही."

अंगणातला एक म्हातारा पचकन थुंकला आणि उठून गेला. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते मला आज स्पष्ट दिसतं. तिथेच, त्या सात-आठ जणांपुढे हात जोडून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, बाबा येणार नाहीत, आणि मी आत्ता फिरून तसं सांगते. रिक्षा दारात उभी होती, भोंगा वर बांधलेला होता. मी तसं केलं नाही. मी खाटेच्या पायाशी बसले आणि गयावया करायला लागले.

"बाबा, एकदाच. सगळीकडे सांगून झालंय. आता तुम्ही आला नाहीत तर माझं तोंड काळं होईल. माझ्या शब्दावर कोणी येणार नाही परत."

"हां," ते म्हणाले. "आन आलो तं माझा तोंड?"

अंगणात एक कोंबडी पिलांना घेऊन दाणे टिपत होती, मी तिच्याकडे बघत बसले. शेवटी मीच म्हटलं, "आजारी आहेत म्हणून सांगू?" त्यावर त्यांना पहिल्यांदाच राग आला. "आजारी नाय तं आजारी कसा सांगशील? आजून एक खोटा?"

मग ते उठले, घरात गेले आणि परत येऊन म्हणाले, "नाव फिरला चार गावां. ते आता मांगं येत नाय. येतो मी."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला जड जातं, पण तसंच वाटलं. परतताना मी रिक्षात गुणगुणत होते.

रविवारी ते एकटेच आले. पाड्यावरचं कोणीच आलं नाही, म्हणून नाचायला एका डान्स क्लासच्या मुली आणल्या होत्या, सगळ्यांना एकसारख्या साड्या. मुली बिचाऱ्या घाबरल्या होत्या. त्या बाबांभोवती गोल करायला लागल्या तर सेक्रेटरी स्टेजखालून ओरडले, "गोल नको, गोल नको! पब्लिककडे पाठ येते. लाइन करा, लाइन!" मग मुलींनी ओळ केली आणि नवशाबाबा त्या ओळीच्या कडेला उभे राहिले. त्यांना मध्येच उभं राहायची सवय. ते दोनदा सरकत मध्ये आले आणि दोनदा सूत्रसंचालकाने त्यांना दंडाला धरून कडेला नेलं.

त्यांनी तारप्याच्या तोंडातली चिंधी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि फुंकायला सुरुवात केली. ऑर्केस्ट्रातल्या ड्रमवाल्याला चेव आला आणि त्याने ठेका धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर केले. गर्दी माझ्या तोंडच्या नावावर आली होती तशी भरपूर होती. आणि मधेच नवशाबाबांचा श्वास तुटला. एकदाच, क्षणभर. गर्दीतल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण ज्यांचा श्वास तुटत नाही असं तीन दिवस मीच सांगत फिरले होते.

घरी आम्हीच त्यांना रिक्षाने सोडलं. तारपा मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले होते. गंजाडचा फाटा आल्यावर म्हणाले, "बाय, एक काम कर. जशी फिरलीस, तशीच फिर. त्याच नाक्यांवर. आन सांग, नवशाला इचारला नव्हता. बाकी काय नको, एवढाच सांग."

"सांगते, बाबा. उद्याच सांगते."

मी 'उद्या' म्हटलं, हे घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी आम्ही निघालो. हातात पुढच्या आठवड्याचा कागद होता, एका नाटकाचा. रानशेतच्या नाक्यावर नवऱ्याने इंजिन बंद केलं. मोळीवाली बाई तिथेच दुकानाच्या ओट्यावर बसलेली होती. मी माइक तोंडाशी नेला. एवढं एकच वाक्य होतं, त्यांना विचारलं नव्हतं. तोवर मी किती हजार वाक्यं बोलले असेन. ते एक मला बोलता येईना. हे ऐकल्यावर उद्या माझ्या तोंडच्या नावावर कोण विश्वास ठेवील, सेक्रेटरी काय म्हणतील, पुढचं काम कोण देईल, असं सगळं डोक्यात आलं आणि मी नाटकाचं सांगितलं. कोण काम करतंय, कुठे, कोणत्या वारी. नीट सांगितलं. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि किक मारली.

पुढच्या सोमवारी सांगू म्हटलं. मग पावसाळा आला. मग भात आला. बाजारात वालपापडी विकायला येणाऱ्या एका बाईकडून कळलं की त्या पाड्यावर यंदा देवापुढे पहिला तारपा दिनेशने फुंकला. मी विचारलं, बाबांना कोणी मनाई केली का? ती म्हणाली, "नाय गे. लोकां बोलत होती का फुंक. तोच 'नाय' बोलला. बोलला, मी रिकाम्या शेतात फुंकला, आता भरल्यात कोनत्या तोंडाने फुंकू? घरात बसून रेला, नाचाला बी बाहेर नाय आला."

त्यानंतर तीन वर्षं मी गंजाडच्या पुढे गेले नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, तिकडेही फिरा, तर मी सांगायचे, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला झाला होता. खरं तर गाडीतून न उतरताही चाललं असतं, पण कोणीतरी ओळखलं असतं. माझा आवाज ओळखला असता. ज्या आवाजाचा मला गर्व होता तोच मी त्या बाजूला लपवत होते.

२०१९ पर्यंत आमचं काम निम्म्यावर आलं. या आठवड्यात कुठे काय आहे, ते सगळ्यांच्या फोनवर फोटोसकट यायला लागलं. नवऱ्याने भोंगा विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही ठरलं, शनिवारी न्यायला येणार होतं. शुक्रवारी सकाळी मी त्याला म्हटलं, "आज एक फेरी मारू. माझी." त्याने कुठे म्हणून विचारलं नाही.

डहाणूत बोलले. रानशेतला बोलले. 'तीन वर्षांपूर्वी मी नवशाबाबांचं नाव घेतलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला नव्हता, चूक माझी होती.' लोक थांबून बघत होते, एकदोघे हसले, बहुतेकांना कशाबद्दल चाललं आहे हेच कळलं नाही. मग पाड्याकडे वळलो. अंगणात शिरायच्या आधीच, सवयीने, रिक्षा थांबवून मी माइक चालू केला आणि मोठ्याने नाव घेतलं.

रमी घरातून धावतच बाहेर आली. हाताला पीठ होतं. "बंद कर! बाय, आधी ते बंद कर!"

मी माइक बंद केला.

"बाबा गेला," ती म्हणाली. "ह्या चैतात. वरीस नाय झाला आजून. गेलेल्या मानसाचा नाव असा भोंग्यावर घेतात काय? त्याला इकडं बोलावतेस?"

मी रिक्षातच बसून राहिले. नवऱ्याने उतरून मान खाली घातली. रमी थोडी शांत झाली. आत जाऊन तिने तांब्याभर पाणी आणलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "सांगायला आलीस, ते चांगला केलास. पन आधी इचारून तरी यावा, बाय. रस्ता तं चांगला हाय आता."

पाणी प्यायले. एकाच माणसाचं नाव मी दोनदा गावभर केलं, आणि दोन्ही वेळा विचारायचं राहिलं. पहिल्या वेळी गर्व होता. दुसऱ्या वेळी तर मी माफी मागायला गेले होते, तरी आधी स्वतःचंच ओझं उतरवायची घाई होती. ते कोणासाठी उतरवत होते, तो माणूस आहे की नाही, एवढंही मी पाहिलं नव्हतं.

या लेखाचं ठरलं तेव्हा मी पाड्यावर चालत गेले. रमी भात पाखडत होती. मी सगळं सांगितलं, काय लिहिणार, कसं लिहिणार, कोण वाचणार. लिहू का, म्हणून विचारलं. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लिही. पन बाबाचा नाव नको टाकू."

म्हणून वर जे नवशा लिहिलं आहे, ते त्यांचं नाव नाही.